तापाचं वर्ष

कापणीला पाच आठवडे उरले होते आणि आमच्या दुकानात विळ्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. लोहाराचं वर्ष त्या पाच आठवड्यांतच असतं. बाकीचे महिने कुणाची कडी तुटली, कुणाच्या कुदळीचं तोंड गेलं, एवढ्यावर निघतात. पण पीक पिवळं पडायला लागलं की घरटी विळे दारात येतात, आणि तेव्हा लोहार हातावर हात ठेवून बसला तर लोक पुढच्या गावचा लोहार बघतात. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, असं माझी सासू सांगायची. म्हातारी बाकी काय काय खोटं बोलली असेल, हे मात्र खरं बोलली होती.

आणि आमचे हे भट्टीपाशी उभेच राहू शकत नव्हते.

आठ महिन्यांपूर्वी गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना चाक कलंडलं ते यांच्या कमरेवर. हाड मोडलं नाही. मोडलं असतं तर परवडलं, सांधलं तरी असतं. मणक्यातली शीर दबली आणि डाव्या पायात मांडीपासून टाचेपर्यंत आग सुरू झाली ती थांबेचना. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, कमरेचे पट्टे झाले. एका गोळीने पोटातून रक्त पडलं. दुसरीने दिवसभर तोंड उघडं टाकून पडायचे. परसात नेऊन बसवायला मी, उठवायला मी. एकदा मी विहिरीवर असताना विळे द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने यांना काखेत हात घालून परसात नेलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. "परक्याने धरलं गं मला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आमचं काम दोघांचं आहे. हे सांडशीत लोखंड धरतात आणि लहान हातोडी जिथे टेकवतात तिथे मी घण घालते. त्यांची हातोडी ऐरणीच्या कडेला वाजली की मी थांबते. बोलणं नाही, काही नाही. माझा घण त्यांच्या बोटांपासून चार बोटांवर पडतो आणि सव्वीस वर्षांत एकदाही इकडचा तिकडे झालेला नाही. लोखंड धरणाऱ्याने घणाकडे बघायचं नसतं. बघितलं की हात हलतो, हात हलला की संपलं. हे आमच्या धंद्यात पोरासोरांना आधी शिकवतात. लोक मला हसतात, बाईने कधी घण मारावा का म्हणून. हसू देत. त्यांच्या कुदळी माझ्याच घणाने सरळ होतात.

शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुखण्याच्या वेगळ्या डॉक्टर आहेत असं कळलं, तिथे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या, पण बोलायला चोख. यांचे सगळे कागद वाचून म्हणाल्या, "काका, सगळं वापरून झालंय तुमचं. एक औषध राहिलंय. गांजाच्या झाडापासून काढलेलं तेल असतं. जिभेखाली थेंब घ्यायचे."

मी म्हटलं, "गांजा? अहो बाई, गाव काय म्हणेल? लोहारणीने नवऱ्याला चिलमीला लावलं म्हणेल."

"चिलीम नाही, काकू. मोजून दिलेलं औषध आहे. पण सगळ्यांना चालत नाही, म्हणून आधी मी विचारते ते सांगायचं." आणि एकेक विचारत गेल्या. छातीत दुखतं का? नाही. कावीळ? लहानपणी. रक्तदाबाची गोळी? नाही. दारू? कधीमधी, आता तीही नाही. पेन भराभर चालत होतं. मग तशाच सुरात म्हणाल्या, "भास होणं, कानात आवाज येणं, विनाकारण संशय येणं, असं काही? तुम्हाला, नाहीतर आई-वडिलांना, भावंडांना? अगदी जुनं असलं तरी चालेल."

हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही."

"मी उगाच विचारत नाही. तसं काही असेल तर हे मी देणार नाही. दुसरं काहीतरी शोधू, वेळ लागेल, पण शोधू."

"नाही म्हटलं ना."

"मला काकांकडून ऐकायचंय."

हे म्हणाले, "ही सांगते तेच."

पेन पुढे गेलं.

आता खरं काय ते सांगते. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा हे चार महिने कोळशाच्या खोलीत बसून होते. डोक्यावर ओलं पोतं. ऐरण माझं नाव घेते म्हणायचे. शेजारी मिळून माझ्या विहिरीत काहीतरी टाकतात म्हणायचे. सासूने गावाला सांगितलं, ताप मेंदूत चढलाय. लांबच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या वर्षभर पिठाच्या डब्यात लपवून दिल्या. माणूस बरा झाला, भट्टीवर आला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या सगळ्याचं नाव पडलं ताप. 'तापाच्या वर्षी विहीर आटली होती.' 'तापाच्या वर्षी वन्संचं लग्न झालं.' हे स्वतःसुद्धा तसंच म्हणायचे. चोवीस वर्षं म्हटलं. वेड्या लोहाराच्या हातातलं लोखंड कोण घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण माझ्या 'नाही'ला ते एकच कारण नव्हतं, हेही कबूल करते. बाई म्हणाल्या होत्या, असेल तर देणार नाही. आणि आठ महिने मी या माणसाचं कण्हणं ऐकत होते. मला ती बाटली हवी होती. बस्स.

घरी आल्यावर वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असतात, भाता त्याच चालवतात. जीभ अशी की लोखंड कापेल.

"तापाचं विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं."

भात्याच्या दांडीला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस. खाजवून खरूज कशाला काढा?"

बाकी सगळं मी डॉक्टरीणबाईंच्या शब्दाबरहुकूम केलं. झोपताना दोन थेंब, दर तीन दिवसांनी एक वाढवायचा. बाटली कुलपात. वहीत तारीख, थेंब, झोप, चक्कर. उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. पंधरा दिवस भट्टी नाही, गाडी हाकणं नाही. शेजारचा सुतार गुडघा धरून आला, "ताई, दोन थेंब माझ्या जिभेवर टाका की, तुमचं काय जातं?" त्याला मी असं हाकललं की तो काठी विसरून गेला. गुडघा दुखतो म्हणे आणि पळतो बघा कसा, असं वन्सं त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. हे हसले. आठ महिन्यांनी हसले.

नवव्या दिवशी हे सकाळपर्यंत झोपले. मी दोनदा नाकाशी हात धरून बघितलं, श्वास चालू आहे ना. मग चुलीपाशी बसून रडले. सुखाने रडले, लपवायचं काय त्यात.

पंधरा दिवस वन्संनी सांडशी धरली आणि मी घण मारला. वन्सं घणाकडे बघायच्या आणि प्रत्येक घावाला डोळे मिटायच्या. पाती वाकडी व्हायची, ती पुन्हा तापवा, पुन्हा ठोका. दिवसाला दहा विळेसुद्धा होईनात. ढीग मांडीपर्यंत आला. दोन घरांनी आपले विळे उचलून नेले. उचलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पंधराव्या दिवशी पुन्हा दवाखाना. बाईंनी वही वाचली, खूश झाल्या. "झोप छान आहे. काकू, वागण्यात काही फरक? चिडचिड, संशय, विचित्र बोलणं?"

आदल्या दिवशी यांनी मला विचारलं होतं, अंगणात कोण बोलतंय म्हणून. अंगणात कोणीच नव्हतं. एवढंच. एकदाच. मी म्हटलं, वारा असेल.

"काही फरक नाही," मी म्हणाले.

"मग सकाळचं काम सुरू करा, जपून. थेंब दोन वाढवू. काही वेगळं वाटलं तर थेंब थांबवून लगेच यायचं."

दुसऱ्या दिवशी हे भट्टीवर उभे राहिले. फळीला टेकून, पण उभे. पहिला विळा लाल झाला, सांडशीत आला, हातोडी टेकली, माझा घण पडला. तो आवाज ऐकून सुतार रंधा टाकून बघायला आला. त्या दिवशी सव्वीस विळे झाले, दुसऱ्या दिवशी चौतीस. ढीग खाली यायला लागला. खांदे भरून आले होते, तळहाताचे फोड फुटले होते, आणि मला वाटत होतं की गंगेत घोडं न्हालं.

चौथ्या दिवशी हातोडी मधेच ऐरणीच्या कडेला वाजली. मी थांबले.

"काय पुटपुटतेस?" हे म्हणाले.

"मी कुठे?"

"घण वर गेला की काहीतरी बोलतेस."

"दम सोडते हो. म्हातारी झाले मी." मी हसले. ते हसले नाहीत. वन्संनी भाता थांबवून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि माझं ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी निमूट जेवले. माझ्या हातचं जेवण माझ्याच पुढे ठेवून माझा नवरा मी पहिला घास खाते का हे बघतोय, हे बघत बघत जेवले. घास गिळताना जीव गेला तरी चालेल असं वाटलं. वहीत लिहिलं: थेंब आठ, झोप चांगली. पंधरा घरांचे विळे राहिले होते. पंधरा घरं, मग सांगू. असं मी स्वतःला सांगितलं.

मग सुतार एका सकाळी रस्त्यात मला अडवून म्हणाला, "ताई, दादांनी मला विचारलं, तू दुकानात कुणाला खुणा करतोस म्हणून. मी म्हटलं, दादा, मी फळीला खुणा करतो." तो हसवायला बघत होता. मग त्याचंच तोंड उतरलं. "नाही, म्हटलं तुम्हाला सांगावं."

त्याच दिवशी ते झालं. विळ्यांमधे एक कुदळ होती, जाड, तिला जोराचा घाव लागतो. लाल करून यांनी ऐरणीवर धरली. हातोडी टेकली. मी घण उचलला आणि वर नेताना दिसलं, हे लोखंडाकडे बघत नव्हते. घणाकडे बघत होते. मग माझ्या तोंडाकडे. घण खाली यायला लागला होता, तो थांबत नसतो. यांनी सांडशी खस्सकन ओढली, घण कुदळीच्या टोकावर पडला आणि ती लालभडक कुदळ उडून माझ्या नडगीला लागली.

मांस जळल्याचा वास आधी आला, दुखलं नंतर. वन्संनी पाण्याची बादली पायावर ओतली. हे सांडशी घट्ट धरून मागे भिंतीला टेकले होते.

"बघितलं?" वन्संना म्हणाले. "हात शोधत होती माझा. मी बघितलं नसतं तर गेला असता हात."

मी पायाला पाला लावून घेत होते. मला ओरडावंसं वाटलं, सव्वीस वर्षं तुमची बोटं कुणी सांभाळली? ओरडले नाही. कुणाशी ओरडणार?

परसात वन्संनी मला गाठलं. "वहिनी, ताप आलाय."

"औषधाचा अंमल असेल. थेंब कमी करते."

"ताप आलाय. मी बहीण आहे त्याची, कोळशाच्या खोलीत जेवण मी नेऊन देत होते. हे तेच डोळे आहेत."

"मग त्या दिवशी 'बरं केलंस' का म्हणालात?" मी त्यांच्यावर तुटून पडले. "तेव्हा कुठे गेली होती जीभ? सगळ्यांवर चालते, तेव्हाच बरी बसली!"

"चुकलं माझं." वन्सं असं कधी म्हणत नाहीत. "तू खोटं बोललीस, मी त्याला बरं म्हटलं. दोघींनी मिळून केलंय. आता दोघींनी मिळून निस्तरू."

थेंब त्या दिवसापासून बंद केले. यांना वाटत होतं की जगात तेवढं एकच औषध आपल्या बाजूचं आहे. बाटली मागायला लागले. कुलपाची किल्ली मी कमरेला बांधली होती, ती बघत राहायचे. दोन दिवसांत पायातली आग परत आली. आधीसारखी नाही, आधीपेक्षा जास्त. आणि कानातलं गेलं नाही. औषध थांबलं की तेही थांबेल अशी वेडी आशा मला होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तसं झालं. "औषध बंद करून मारतेस," म्हणाले. दुकानात सात घरांचे विळे पडले होते आणि भट्टी थंड होती. कापणीला सहा दिवस.

तिसऱ्या दिवशी सुताराची गाडी मागितली. त्याने काही विचारलं नाही, आत गवत पसरून दिलं. यांना सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलंय, नवी बाटली देणार आहेत. आणखी एक खोटं. ते गाडीत चढले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला पाय धरून कण्हत होते, आणि मधूनच मान तिरकी करून ऐकल्यासारखं करत होते. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं होती. काही ठिकाणी कापणी सुरूही झाली होती, दुसऱ्या लोहाराच्या विळ्यांनी. वन्संनी त्यांचा हात धरला होता, तेवढा त्यांनी धरू दिला.

खोलीत तीच खुर्ची, तेच घड्याळ. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीची पट्टी बघितली, यांच्याकडे बघितलं आणि वही मिटून बाजूला ठेवली. काही लपवता येईल असं आता राहिलंच नव्हतं.

"काकू, मागे विचारलं होतं तेच पुन्हा विचारते."

ती गोष्ट मी कधी कुणापुढे उच्चारली नव्हती, यांच्यापुढे तर नाहीच. मी यांच्याकडे न बघता सांगायला लागले. चोवीस वर्षांपूर्वी. चार महिने. कोळशाची खोली, पोतं, ऐरण, विहीर. वर्षभर गोळ्या. ताप नव्हता, बाई. ताप कधीच नव्हता. मग अंगणातले आवाज, ताटं, कुदळ.

बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "त्या दिवशी हे कळलं असतं तर मी एक थेंबही दिला नसता."

"माहीत होतं," मी म्हणाले. "म्हणून तर नाही सांगितलं."

"हे औषध आता पुन्हा कधीच नाही. मनाच्या डॉक्टरांना आत्ताच बोलावते. काकांना काही दिवस इथे राहावं लागेल. आधी बरे झाले होते, पुन्हा होतील अशी आशा ठेवू. आणि पायाचं बघू, सोडून देणार नाही." त्या उठून बाहेर गेल्या. वन्सं पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी धीर करून यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं चिडतील, ओरडतील, अंगावर येतील. ते शांत होते. दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होते.

"ते सांगत होते मला," हे म्हणाले. "ही तुला गाडीत घालून नेईल. परक्यांपुढे बसवेल आणि वेडा म्हणेल. रोज सांगत होते."

"अहो, तसं नाही..."

"मी भांडत होतो त्यांच्याशी. म्हटलं, माझी बायको तसली नाही. ताट बदललं तेही त्यासाठीच. तू जेवलीस, तुला काही झालं नाही. मी म्हटलं, बघा, आहे का तिच्यात काही? गप्प बसले होते दोन दिवस." त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या बाजूने मी एकटा होतो गं."

खरं होतं. गाडीत घालून आणलं होतं, परक्यांपुढे बसवलं होतं, आणि जे म्हणायचं ते म्हटलंही होतं. एकही शब्द खोटा नव्हता, ना माझा, ना त्यांच्या कानातल्यांचा.

"आता मी त्यांना काय सांगू?" हे म्हणाले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवायला गेले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून घेतले आणि माझ्या हातांवर नजर ठेवून बसले, डॉक्टर येईपर्यंत.